एका रात्रीचा कागद

छापील कागदाच्या जातिव्यवस्थेत सर्वांत खालची पायरी हस्तपत्रकाची. ग्रंथाला ग्रंथालय मिळते, नियतकालिकाला वाचनालयाचे टेबल मिळते, लग्नपत्रिका निदान वर्षभर देव्हाऱ्यामागे खोचलेली राहते. हस्तपत्रकाच्या वाट्याला येतो तो रस्ता. भोंगा लावलेल्या रिक्षातून ते उडवले जाते, पोरे त्यामागे धावतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यात फुटाणे बांधले जातात. आमच्याकडे त्याला हस्तपत्रक असे कोणी म्हणतही नाही. हँडबिल म्हणतात, किंवा पांप्लेट.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत वाटली गेलेली अशी काही शे हँडबिले मी गेल्या पंचवीसेक वर्षांत जमवली. त्यांत सर्कस आणि सिनेमा नाही. ते जमवणारे पुष्कळ आहेत. माझी मर्यादा मी ठरवून घेतली होती: रात्र जागवणाऱ्या कार्यक्रमांचे कागद तेवढे ठेवायचे. माळेगावच्या यात्रेतले तमाशाचे फड, कंधारच्या उरुसातल्या कव्वाल्या, चौदा एप्रिलच्या आगेमागे होणारे भीमगीतांचे सामने, गणेशोत्सवातले मेळे आणि ऑर्केस्ट्रा. त्या रात्री पहाटेपर्यंत चालत. कागद मात्र त्या एका रात्रीपुरताच छापलेला असे, आणि त्याचे आकर्षणही नेमके त्यातच आहे.

या छंदाला जगात भाऊबंद आहेत. इंग्लंडात १९८८-८९ च्या सुमारास गोदामांतून आणि मोकळ्या रानांतून ज्या रात्रभराच्या नृत्यसभा भरू लागल्या, त्या ‘रेव्ह’च्या पत्रकांचे संग्राहक तिथे आहेत. ती झगमगीत पत्रके आज चौकटीत घालून विकली जातात, प्रदर्शनांत मांडली जातात. त्यांपैकी अनेक पत्रकांवर ठिकाण छापलेले नसे. असे फक्त एक दूरध्वनी क्रमांक, आणि त्या रात्री तो फिरवला की ध्वनिमुद्रित आवाज रस्ता सांगे. पुढे १९९४ च्या फौजदारी कायद्याने अशा सभांना आळा घातला आणि त्यात संगीताची व्याख्या करताना ठोक्यांच्या पुनरावृत्तीचा उल्लेख केला. कायद्याला संगीताची व्याख्या करावी लागावी हा प्रकार मोठा मनोरंजक आहे. आपल्याकडे गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर ते लोण पोचले. मराठी वर्तमानपत्रांत मात्र ‘रेव्ह पार्टी’ हा शब्द रुळला तो गुन्हेवार्तेतून, विशेषतः २००७ साली सिंहगडाच्या पायथ्याशी पोलिसांनी घातलेल्या धाडीनंतर. ‘तमाशा’ या शब्दाची गत तरी याहून निराळी कुठे आहे? एका कलाप्रकाराचे नाव आपण चारचौघांतल्या शोभेला देऊन टाकले आहे.

साम्य एवढ्यावर संपते. लंडनच्या पत्रकाला ठिकाण लपवायचे होते. आमच्या हँडबिलाला ठिकाण ओरडून सांगायचे असते. मात्र दोघेही एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे साल. ज्याला उद्या रात्री तंबूत यायचे आहे त्याला साल कशाला हवे? त्यामुळे या संग्रहातले निम्मे काम कालनिर्णयाचे असते, आणि मला विचाराल तर निम्मा आनंदही.

एक उदाहरण देतो. औसा तालुक्यातल्या एका गावचे गुलाबी हँडबिल. त्यावर ‘येळवशीनिमित्त, शनिवार दि. २६ डिसेंबर’ एवढेच. २६ डिसेंबरला शनिवार १९६० नंतरच्या चाळीस वर्षांत सहा वेळा आला: १९६४, १९७०, १९८१, १९८७, १९९२, १९९८. गावाच्या नावापुढे ‘जि. उस्मानाबाद’ असे आहे. लातूर जिल्हा स्वतंत्र झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे शेवटची तीन वर्षे बाद. राहिली पहिली तीन. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या, लातूर-उस्मानाबादकडे त्या दिवशी अख्खे गाव शेतात जेवते. १९७० मध्ये ती २८ डिसेंबरला होती, १९६४ मध्ये डिसेंबरच्या अखेरीस ती नव्हतीच. उरते १९८१. दिवसभर रानात भज्जी आणि आंबील झाली, अंधार पडल्यावर बैलगाड्या गावात परतल्या, आणि त्याच लोकांना रात्री नऊला वगनाट्य पाहायला बोलावणारा हा कागद. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात ही शनिवारची रात्र सापडणार नाही.

कागद आणि छपाई यांच्याकडूनही बरेच कळते. पातळ, रंगीत, पतंगाच्या कागदासारखा. गुलाबी, पिवळा, हिरवा. ट्रेडलवर एकेक करून छापलेला. फडाच्या नावासाठी मोठे लाकडी टाइप, बाकी मजकूर शिशाच्या खिळ्यांचा. जुळाऱ्याच्या केसमध्ये एखाद्या अक्षराचे खिळे संपले की तिथे दुसऱ्या वळणाचे अक्षर येते, आणि एकाच ओळीतले दोन ‘र’ एकमेकांना ओळखत नाहीत. पाठीमागून बोट फिरवले तर खिळ्याचा दाब हाताला लागतो. १९९० नंतर ऑफसेट आला आणि तो दाब गेला. फ्लेक्स आल्यावर हँडबिलाचीच गरज उणावली.

कंधारच्या उरुसाची उर्दू हँडबिले या बाबतीत वेगळी, आणि मला ती अधिक प्रिय. नस्तालिक लिपी खिळ्यांना सहज वश होत नाही. १९९० नंतर संगणक येईपर्यंत उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत असे आणि त्यावरून छपाई होई. म्हणजे मराठी हँडबिल यंत्राच्या तोंडून बोलते, तर उर्दू हँडबिलात एका माणसाचे हस्ताक्षर असते. सात-आठ हँडबिले शेजारी मांडली की त्यांतली तीन एकाच हातची आहेत हे उर्दू न वाचणाऱ्यालाही दिसते. काही कागद दुभाषी आहेत: वर उर्दू, खाली देवनागरीत तोच मजकूर. निजामी राजवटीतून १९४८ साली बाहेर पडलेल्या आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिलेल्या या मुलखाचे भाषिक चरित्र त्या एका पानात दिसते. आमच्या अभ्यासक्रमात ते दिसत नाही, ही वेगळी तक्रार.

भाषेच्या विद्यार्थ्याने तमाशाच्या हँडबिलात काय पाहावे? मी म्हणेन, नावे पाहावीत. वरची विशेषणे ठरावीक असतात, त्यांत फारसे काही नसते. नावे मात्र बोलतात. पुरुषांना ‘शाहीर’, ‘विनोदसम्राट’, ‘ढोलकीपटू’ अशा पदव्या आहेत. स्त्रियांचे नाव आणि त्यापुढे गाव. ‘अमुकबाई तमुककर’. बापाचे नाव नाही, नवऱ्याचे नाही. मराठी छपाईत त्या काळी एवढी एकटी उभी असलेली स्त्रीनामे दुसरीकडे सहसा आढळत नाहीत. हे स्वातंत्र्य होते की निराधारपण, याचे उत्तर कागद देत नाही. आणि काही फडांच्या नावातच जात ठळक टाइपात छापलेली असे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कन्या विठाबाई (१९३५-२००२) यांनीही राष्ट्रपतींचा गौरव मिळवला तो हेच नाव धारण करून. शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या २०२२ सालच्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रीवर अश्लीलतेचा शिक्का कसा मारला गेला त्याचा इतिहास मांडला आहे. तो वाचल्यावर या टाइपांकडे नुसत्या मुद्रणप्रेमाने पाहणे मला अवघड झाले.

याउलट भीमगीतांच्या हँडबिलांतली नावे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचे नाव ज्या गावच्या कागदावर असे, तिथे बाकीचा मजकूर आपोआप लहान होई. इथे जात नावात नाही, ती मथळ्यावरच्या ‘जयभीम’ने ओलांडलेली आहे. कलावंत कित्येकदा त्याच वस्त्यांतले. रात्र तशीच, ढोलकी तीच. कागद मात्र ताठ मानेचा. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या वर्षांतली नांदेडची हँडबिले तर गाण्याचे निमंत्रण आणि सभेचे आवाहन यांतला फरकच पुसून टाकतात.

मग ती रात्र गेली कुठे? लोक दूरचित्रवाणीचे नाव घेतात, ते काही अंशी खरे आहे. परंतु ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले, त्यांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. गण, गौळण, बतावणी, मग मध्यरात्रीनंतर वग, ही तमाशाची बांधणी रात्रीच्या लांबीवर उभी होती. दहाला आवाज बंद म्हटल्यावर वगच कापला जातो. आजारी माणसाला झोप हवी, परीक्षेच्या मुलाला शांतता हवी, हे मला मान्य आहे. तरी इंग्लंडच्या कायद्याने ठोके मोजले आणि आमच्या नियमाने तास मोजले, दोघांच्याही हिशेबात रात्र ही गोष्ट बसली नाही, एवढे नोंदवून ठेवतो. हँडबिलांवर हा बदल सरळ दिसतो. ‘रात्री ठीक ९॥’चे ‘सायंकाळी ७’ होते.

जमवणे सोपे, मांडणे अवघड. मांडण्याचे तांत्रिक प्रश्न सुटतात: चिकटपट्टी कधीही लावायची नाही, लॅमिनेशन तर नाहीच, फाटलेले गव्हाच्या खळीने आणि पातळ कागदाने मागून जोडायचे, रंगीत कागद उजेडात विटतो म्हणून भिंतीवर प्रत लावायची, मूळ अंधारात ठेवायचे. काचेच्या पेटीत काही कागद मी मुद्दाम उलटे मांडतो, कारण पाठीमागे कापसाच्या पट्ट्यांचे आणि दुधाच्या रतिबाचे हिशेब आहेत, आणि कागद टिकला तो बहुधा त्यांच्यामुळेच.

न सुटणारा प्रश्न दुसराच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाच्या व्हरांड्यात वीसेक प्रती लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एम.ए.चा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, “सर, कोपऱ्यातलं ते पिवळं पान तेवढं काढता येईल का?” कारण त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. पान काढले. आठवड्याने तो एका वृद्ध स्त्रीला घेऊन आला. आजी. घरात बोलणे निघाले होते, आणि तिनेच हट्ट धरला होता. मी मूळ कागद बाहेर काढला. तिला वाचता येत नव्हते. नातवाने बोट ठेवून नाव दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “तिसरं टाकलंय बगा नाव. त्या साली पयली मीच व्हते.” आणि फडाच्या मालकाने कोणाच्या सांगण्यावरून नावांचा क्रम बदलला, यात्रेत त्यावरून किती भांडण झाले, हे तिने अर्धा तास सांगितले. नातू खिडकीबाहेर पाहत होता. जाताना ती मला म्हणाली, “लावा की परत. पर हितं लिवा, पयली म्हनून.” नातवाने काहीच म्हटले नाही.

ते पान मी परत लावलेले नाही. नाव आजीचे, तिने परवानगी दिली आहे. पण त्या नावाची किंमत व्हरांड्यात मोजावी लागते ती त्याला. तो शिक्षक होऊन स्वतः या प्रश्नाचे उत्तर देईपर्यंत कागद खणात राहील. आजीची दुरुस्ती मात्र मी नोंदवहीत तिच्या शब्दांत लिहून ठेवली आहे, क्रमांकासह.

खणात आणखी एक कागद आहे, तोही कधी लावत नाही. किल्लारी परिसरातल्या एका गावच्या गणेशमंडळाचे हिरवे हँडबिल. विसर्जनाची मिरवणूक बुधवारी, म्हणजे २९ सप्टेंबरला. त्या वर्षी अनंत चतुर्दशी त्या दिवशी होती. साल इथेही छापलेले नाही, आणि ते काढायला पंचांग लागत नाही. १९९३. मिरवणुकीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गाव पुढे काही अंतरावर सरळ रस्त्यांचे, सिमेंटच्या घरांचे नवे वसले. हँडबिलाच्या तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून अठरा नावे आहेत, दोन स्तंभांत. त्यांपैकी कोण राहिले हे विचारायला मी त्या गावी गेलो नाही. वर ठिकाण दिले आहे: मारुतीच्या देवळासमोर, पाराजवळ. आणि त्याखाली लहान टाइपात, स्त्रियांच्या बसण्याची स्वतंत्र सोय केली आहे.