गाडीचे पोट आणि हेमलकशाची वाट

१/
जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एखादी फियाट जमिनीला टेकल्यासारखी उभी असते. चाकांचा वरचा भाग मडगार्डच्या आत गेलेला, पोटाखालून जेमतेम हात जाईल एवढी फट. तरुण मंडळी तिच्याभोवती जमतात. त्याच पिढीतील जीप मात्र जमिनीपासून उंच. हा फरक केवळ आवडीचा नाही. मोटारीची उंची तिच्या वाटेने ठरवली आहे, आणि हे समजून घेण्यासाठी हेमलकशाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

२/
२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी माडिया गोंडांसाठी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे वैद्यकीय सेवा उभी केली. त्या वेळी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता; गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. आलापल्ली सुमारे ६० किलोमीटरवर. मध्ये दाट अरण्य आणि नाल्यांमागून नाले. पावसाळ्यात जगाशी संबंध तुटे.

३/
अशा मुलखातील मूळ वाहन बैलगाडी. तिचा आस चाकाच्या मध्यावर असतो. म्हणून आसाखालची मोकळी जागा चाकाच्या साधारण निम्म्या उंचीएवढी मिळते. वर्षानुवर्षे गाड्या गेल्या की दोन चाकोऱ्या खोल होतात आणि त्यांच्या मधला उंचवटा तसाच राहतो. बैलगाडीला त्याचा त्रास नाही. मोटार त्याच चाकोरीत उतरली की तो उंचवटा थेट तिच्या पोटाला लागतो.

४/
या प्रश्नाचे एक उत्तर युद्धाने दिले. १९४० च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी जीप घडली आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना गती देण्याची सोय, पुढे-मागे अखंड आस, त्यांना जोडलेले पोलादी पाटे आणि जमिनीपासून सुमारे २० सेंटीमीटर उंची. डांबर नसलेल्या भारतात तिला अनेक दशके मागणी राहिली, याचे कारण या साध्या मापात आहे.

५/
येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. अखंड आसाच्या गाडीत सर्वांत खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. तो आसावरच बसवलेला असल्याने त्याची उंची पाट्यांवर अवलंबून नसते. ती टायरच्या उंचीवर ठरते. पाटे उंच केले तर सांगाडा आणि इंजिन वर जातात, गोळा तिथेच राहतो. म्हणून जंगलातल्या वाटेवर मोठे चाक हाच खरा उपाय. बैलगाडीचे तत्त्व मोटारीलाही सुटलेले नाही.

६/
गाडी खाली येण्यासाठी कोणी हौस करावीच लागते, असेही नाही. पाट्यांची कमान सततच्या ओझ्याने आणि धक्क्यांनी सपाट होत जाते. गॅरेजच्या भाषेत ‘पाटे बसले’. माणसे, धान्य, पिंपे यांनी लादलेली जीप खड्ड्यांतून चालली की काही वर्षांत तिची उंची नकळत घटते. मग पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान द्यायची, तुटलेला पाटा बदलायचा. गरिबाच्या मुलखात गाडी ‘लो’ होते ती झिजून.

७/
त्या काळच्या शहरी गाड्या निराळ्या. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत पुढे पीळ सोसणाऱ्या पोलादी दांड्या, म्हणजे टॉर्शन बार, आणि मागे पाटे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाटला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे पाटे. ॲम्बॅसेडरची चाके १५ इंची, फियाटची १४. खेडोपाडी ॲम्बॅसेडरचा अधिक भरवसा वाटे, त्याला हा एक इंचही थोडाफार कारणीभूत असावा.

८/
पोट घासण्यात खरा धोका कोणता? इंजिनाखाली तेलाचे भांडे असते. मेकॅनिक त्याला ‘चेंबर’ म्हणतात. दगडावर चेंबर फुटला की तेल वाहून जाते आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंगे जळतात. शहरात हा खर्चाचा प्रश्न. आलापल्लीच्या पुढे, अंधार पडताना, मागच्या बाकावर अडलेली बाळंतीण असताना, तोच प्रश्न जिवाचा होतो.

९/
मग गाडी खाली घ्यावीशी का वाटली? त्यामागे खरे शास्त्र आहे. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितके ते अधिक सरकते. उंच आणि अरुंद जीप म्हणूनच वेगात वळवली की कलंडू पाहते. १९३४ च्या सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँने आणि १९४८ च्या अमेरिकी हडसनने बसण्याची जागाच खाली आणून मोटारीला स्थैर्य दिले. पण या दोन्ही देशांत रस्ते आधी सुधारलेले होते.

१०/
कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी या खालच्या उंचीला अस्मितेचे रूप दिले. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमखाली येऊ नये, असा कायदा तेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाला. त्यावर तोड म्हणून १९५९ मध्ये रॉन ॲगिर यांनी आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबताच गाडी वर, पोलीस गेले की पुन्हा खाली. ती बंदी १ जानेवारी २०२४ पासून उठली.

११/
आपल्याकडे फियाट ‘लो’ करताना पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापतात आणि मागे आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालतात. कापलेली स्प्रिंग केवळ आखूड होत नाही, ती ताठही होते. चाकाला वर-खाली होण्यास जागा कमी उरते, टायर मडगार्डला घासतो आणि धक्का सरळ सांगाड्यात उतरतो. जुन्या गाडीचा गंजलेला सांगाडा हा मार फार दिवस सोसत नाही.

१२/
कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मान्य नाहीत, असा निर्णय दिला. जुन्या गाडीच्या हौशी मालकाने स्प्रिंगेला हात लावण्यापूर्वी हे जाणून घ्यावे.

१३/
पुन्हा हेमलकशाकडे. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. हेमलकसा आणि भामरागड यांच्या मध्ये पर्लकोटा वाहते. अनेक पावसाळ्यांत तिचा ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक थांबली आहे. उथळ नाला असेल तर जुने चालक पंख्याचा पट्टा सैल करीत, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. पूर आलेल्या नदीपुढे मात्र कोणत्याही सस्पेन्शनची उंची पुरत नाही. तिथे पुलाचीच उंची लागते.

१४/
जिथे जीपही पोहोचत नसे, तिथून रुग्ण खाटेवर येत. खाटेला बांबू बांधून, आळीपाळीने खांदा देत, माणसे अरण्यातून कित्येक किलोमीटर चालत दवाखाना गाठत. चाकोरीतला उंचवटा, दगड, नाल्यातले पाणी या साऱ्यांच्या वर रुग्णाला ठेवणारे ते वाहन होते. त्याला ना पाटे, ना चेंबर; धक्के सोसत ते खांदे.

१५/
म्हणून जमिनीला टेकलेली फियाट पाहताना तिच्या मालकाची हौस जरूर वाखाणावी. तिच्याखालचा गुळगुळीत रस्ताही पाहावा. तो कोणी बांधला, कोणासाठी आधी बांधला आणि कोणाच्या वाट्याला उशिरा आला, हा इतिहास त्या दोन-चार इंचांत आहे. गाडी खाली घेण्याची मुभा रस्ता देतो. हेमलकशाच्या वाटेने ती मुभा फार काळ कोणालाच दिली नव्हती.