साथीतले संशोधन



कोविडच्या साथीच्या काळात संशोधन थांबले असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात काय थांबले आणि किती, हे विषयागणिक वेगळे होते. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून ती भारतभर लागू झाली. गणितात किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्रात काम करणाऱ्याचे लॅपटॉप आणि वह्या घरी आणल्या की बरेचसे भागत होते. ज्यांचे काम पेशी, प्राणी, पिके, यंत्रे, दफ्तरे किंवा माणसे यांच्यावर अवलंबून होते, त्यांचे तसे भागण्यासारखे नव्हते.

जीवशास्त्राची प्रयोगशाळा नुसते कुलूप लावून बंद करता येत नाही. वाढत्या पेशींचे पोषकद्रव दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. ते राहिले की पेशी मरतात. म्हणून त्या गोठवून ठेवतात. डीएमएसओ हे रसायन मिसळलेल्या द्रवात पेशी घालायच्या, मिनिटाला साधारण एक अंश या गतीने तापमान उतरवायचे आणि मग कुप्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडायच्या. घाई केली तर पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन ती फुटते. नायट्रोजनही सतत उडत असतो आणि टाकी अधूनमधून भरावी लागते. टाळेबंदीत पास काढून एखादा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला, तर तो अनेकदा प्रयोगासाठी नव्हे, या टाकीसाठी आलेला असे.

उंदरांचे याहून अवघड होते. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी वंश टिकण्यापुरत्या मोजक्या जोड्या राखल्या, काही वाणांचे भ्रूण किंवा शुक्राणू गोठवले आणि बाकीचे उंदीर मारून टाकले. शेतीच्या प्रयोगात एक हंगाम हुकला की वर्ष गेले. चिलीच्या आटाकामा वाळवंटातली अल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिची शास्त्रीय निरीक्षणे पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला.

या नुकसानीचे एक मोजमाप लवकर झाले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या सुमारे साडेचार हजार संशोधकांची पाहणी झाली. त्यांच्या कामाचे आठवड्याचे सरासरी तास ६१ वरून ५४ वर आले होते. सात तासांची घट फारशी वाटत नाही, पण इथे सरासरी फसवी आहे. प्रयोगशाळेवर अवलंबून असलेल्या विषयांत संशोधनाचा वेळ ३० ते ४० टक्क्यांनी घटला होता. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर बाकी परिस्थिती सारखी धरूनही १७ टक्के जास्तीची घट दिसली आणि स्त्रियांच्या बाबतीत आणखी ५ टक्के. शिवाय ही पाहणी स्वतःचा गट चालवणाऱ्या संशोधकांची होती. त्यांच्या हाताखालच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तीत कोणी विचारलेले नव्हते.

त्या दिवसांत न्यूटनचा दाखला फार फिरला. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले, न्यूटन वुल्सथॉर्पला घरी गेला आणि तिथे त्याने कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांचा पाया घातला, मग आताच्यांना काय हरकत, असा त्याचा रोख. दाखला अर्धवट आहे. गणित आणि प्रकाश यांवरची त्याची टिपणे केंब्रिज सुटण्याआधीच सुरू झाली होती आणि ‘प्रिन्सिपिया’ छापून यायला १६८७ साल लागले. न्यूटनच्या पदरी मूलबाळ नव्हते, ऑनलाइन शिकवायचे तास नव्हते, हेही सोयीस्करपणे विसरले गेले.

घरी बसलेल्या संशोधकाने बहुधा सर्वांत आधी केले ते पडलेले काम उपसणे. जमवून ठेवलेली आकडेवारी, अर्धा राहिलेला लेख, करायचा म्हणून राहून गेलेला पूर्वसाहित्याचा आढावा हे सगळे बाहेर निघाले. त्यामुळे २०२० मध्ये नियतकालिकांकडे येणारे लेख कमी होण्याऐवजी वाढले. खरा खड्डा दिसला तो दुसरीकडे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कोविडशी संबंधित काम न करणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये आदल्या वर्षापेक्षा ३६ टक्के कमी नवे प्रकल्प हाती घेतले. नव्या कल्पना पुष्कळदा चहाच्या टेबलावर, परिषदेतल्या जेवणाच्या रांगेत, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत डोकावताना सुचतात. ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपणाऱ्या झूमच्या बैठकीत चालू काम पुढे सरकत होते, पण नवे सुरू होत नव्हते. साथीचा संशोधनावर फारसा परिणाम झाला नाही असे लेखांच्या संख्येवरून म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा.

काहींनी कामच बदलले. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस या संस्थांनी कोविडच्या चाचण्या केल्या. एरवी मूलभूत प्रश्नांसाठी वापरली जाणारी आरटी-पीसीआरची यंत्रे आणि ती चालवणारे हात तिथे उपयोगी पडले. ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ ही औषधचाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि डेक्सामेथासोन हे औषध उपयोगी असल्याचा निष्कर्ष १६ जूनला जाहीरही झाला. एवढा वेग एरवी ऐकिवात नसतो. पण हा मार्ग थोड्यांनाच खुला होता.

समाजशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात क्षेत्रकार्य हाच अभ्यासाचा प्राण. तिथे मुलाखती फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर आल्या. आवाज पोचला, बाकीचे पोचले नाही. एका खोलीच्या घरात सासू, नवरा आणि मुले चोवीस तास समोर असताना एखादी बाई आपल्या कमाईबद्दल किंवा मारहाणीबद्दल फोनवर काय सांगणार? ती ‘हो’, ‘बरं आहे’ एवढेच म्हणते आणि ध्वनिमुद्रणात तेवढेच उतरते. समोर बसलेल्या संशोधकाला त्या ‘बरं आहे’मागे दाराकडे वळलेली नजर दिसली असती. यातून वाट काढण्यासाठी समाजशास्त्रज्ञ डेबोरा लप्टन यांनी ‘डूइंग फील्डवर्क इन अ पँडेमिक’ हा सर्वांनी मिळून भर घालायचा दस्तऐवज २०२० मध्येच सुरू केला. रोजनिशी लिहून घेणे, छायाचित्रे मागवणे असे अनेक पर्याय त्यात जमा झाले. त्याच वर्षी ग्योक्चे ग्युनेल, सायबा वर्मा आणि चिका वातानाबे या मानववंशशास्त्रज्ञांनी तुकड्या-तुकड्यांनी केलेल्या क्षेत्रकार्याची, म्हणजे ‘पॅचवर्क एथ्नॉग्राफी’ची बाजू मांडली. सलग वर्षभर गावात राहणे घरसंसार किंवा आजारपण असलेल्यांना साथीआधीही जमत नव्हते, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण सांगायला सोपी आणि सोडवायला कठीण. पेशवे दफ्तरातले रुमालात बांधलेले मोडी कागद दफ्तरखान्यात जाऊन रुमाल सोडल्याशिवाय वाचता येत नाहीत. छापील पुस्तकांची सोय थोडीफार झाली. इंटरनेट अर्काइव्हने २४ मार्च २०२० ला प्रतीक्षायादीशिवाय पुस्तके द्यायला सुरुवात केली, पण प्रकाशकांनी दावा लावल्यावर ही सोय जूनच्या मध्यावर आटोपली आणि पुढे निकालही प्रकाशकांच्या बाजूने गेला. भारतात शोधगंगा या संकेतस्थळावरचे जुने प्रबंध खुले होतेच.

मुदतीचा प्रश्न विद्यार्थ्यांना सगळ्यांत जास्त जाचला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत एमफिल आणि पीएचडीला सहा महिने वाढवून दिले आणि व्हायवा व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला मुभा दिली. पुढे प्रबंध सादर करण्याची मुदत आणखी वाढत गेली. फेलोशिप मात्र पाच वर्षांपुरतीच राहिली. पहिली दोन वर्षे दरमहा ३१ हजार आणि नंतर ३५ हजार मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वाढीव महिने मिळाले, पण त्या महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. ब्रिटनच्या यूकेआरआय या संशोधन-अनुदान संस्थेने शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांपर्यंतची वाढ विद्यावेतनासह दिली होती. पैशांवाचून दिलेली मुदत घरची बरी असलेल्यालाच वापरता येते. बाकीचे मिळेल ती नोकरी धरतात आणि प्रबंध रविवारवर जातो.

रोजच्या दिवसाचे उपाय साधेच होते. दोन-चार जणांनी ठरल्या वेळी ऑनलाइन एकत्र यायचे, कॅमेरा चालू, माइक बंद, आणि आपापले लिहीत बसायचे. घरातल्यांना ती वेळ सांगून ठेवायची. ज्यांच्या घरी दार लावून बसायला खोली होती, त्यांना हे जमले.

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी नंतर प्रबंधाला साथीच्या परिणामाचे निवेदन जोडायची सोय केली. मूळ आराखडा काय होता, त्यातले काय करता आले नाही, त्याऐवजी काय केले, एवढे त्यात लिहायचे. परीक्षकाने कसोटी सैल करायची नाही, संदर्भ मात्र लक्षात घ्यायचा. आपल्याकडे हीच माहिती ‘संशोधनाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एखाद्या वाक्यात येते, की टाळेबंदीमुळे नियोजित मुलाखती पूर्ण होऊ शकल्या नाहीत. २०२१ ते २०२३ मधले प्रबंध वाचताना ते पान आधी उघडावे.