चोवीस ग्रॅम

खांदा धरला होता, तो सुटायला पावसाळा गेला. आता परत शॉटगनचा सराव, आणि काडतूस कोणतं घ्यावं हा विचार डोक्यातून जात नाही. पूर्वी 32 ग्रॅम छर्ऱ्यांचं घ्यायचो. जोर जास्त तर नेम पक्का, असं वाटायचं. पण ट्रॅपच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत 24 ग्रॅमची मर्यादा आहे. 2.4 मिलिमीटरचे जवळजवळ 300 छर्रे त्यात मावतात. हवेत उडवलेली 11 सेंटिमीटरची तबकडी फोडायला तेवढे पुष्कळ होतात.

आमच्या जबलपुरात दारूगोळा काही नवलाचा नाही. 1904ची गन कॅरेज फॅक्टरी, पलीकडे खमरियाचा दारूगोळा कारखाना. सगळं गाव भोंग्यावर उठलेलं. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बदलून इथे आले. ते काडतूस कानाशी हलवून बघत, तोंडाची घडी अंगठ्याने चाचपत. मीही तेच करतो. पितळी बूड गार लागतं, नळी किंचित खरखरीत.

आता 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसाने धक्का कमी झाला. तरी घोडा ओढण्याआधी खांदा आपोआप आखडतो. दुखणं गेलं, त्याची धास्ती राहिली. ती किती दिवस राहते कोण जाणे! 21 ग्रॅमचं कुठे मिळालं, तर तेही लावून बघायचंय.