आधी चेसी, मग रंग

आमच्या घरामागे लिंबाच्या झाडाखाली एक गाडी नऊ वर्षे उभी होती. टाटा ४०७, १९९४ चे मॉडेल, मिनीबसची बॉडी. नंबर एम.एच. २२, म्हणजे परभणीचा. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आपल्याला एम.एच. ३८ मिळाला, गाडी त्याआधीची. आमच्या कालकथित वडिलांनी ती २००३ साली जुनी विकत घेतली होती. लग्नसराईत वऱ्हाड, ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, डिसेंबरात दादरची चैत्यभूमी, असा तिचा वर्षाचा फेरा. मुंबईच्या त्या तीन-चार दिवसांत वस्तीतली माणसे गाडीतच निजत आणि गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून पिठले-भाकर करीत. २०१२ साली वडील गेले आणि गाडी लिंबाखाली लागली ती लागलीच.

२०२१ मध्ये भंगारवाल्याने ६२ हजार रुपये सांगितले. आम्ही आणि थोरले दादा, दोघेही राजी होतो. मायला विचारले तर ती म्हणाली, "विकायची तं विका. मला थोडंच कुठं जायचंय आता."

हे बोलणे आम्हाला लागले. वडील गेल्यापासून माय मुंबईला एकदाही आली नव्हती. दर वर्षी आम्ही विचारायचे आणि दर वर्षी तिने गुडघ्याचे कारण सांगायचे. खरे कारण तिने मुलांना सांगितले नाही, सुनेला सांगितले. आमच्या सहचारिणीने ते आम्हाला त्या रात्री सांगितले. प्रवास म्हटला की मायला आदल्या दुपारपासून पाणी बंद करावे लागे. रस्त्यात बाईमाणसाला जायला जागा नसते, आणि वय झाले की धरवत नाही. "लेकरांपुढं फजिती होण्यापरीस घरी बसलेलं बरं," असे ती म्हणाली होती.

वाचकहो, या प्रवासांची व्यवस्था आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. किती माणसे, किती भाकरी, कोणाची वर्गणी बाकी, याच्या वह्या आमच्याकडे आजही आहेत. बायकांनी रस्त्यात कुठे जायचे, याविषयी त्या वह्यांत एक ओळही नाही. समतेवर भाषणे करीत हिंडलो, पण घरातल्या मायची तहान आम्हाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितले. या गाडीचे चाकावरचे घर करायचे ठरले. निजायला दोन फळ्या, प्यायला पाणी आणि आतून कडी लागेल असा संडास. एवढेच मागणे होते.

ओळखीची माणसे हसली. परदेशात पेन्शनर जोडपी अशा गाड्यांतून फिरतात. २०२१ मध्येच महाराष्ट्र शासनानेही कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण तो पैसेवाल्यांचा शौक, कारकुनाला कशाला, असा त्यांचा सवाल. खरे पाहता बिऱ्हाड चाकावर नेणे आपल्याला नवे नाही. ऊसतोडीला जाणारे कुटुंब सगळा संसार बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेते. तमाशाचे फड हंगामभर ट्रकवर जगतात. त्या चाकांवरच्या बिऱ्हाडांत बाईच्या सोयीचा विचार कोणी केला नाही, एवढेच.

काम हाती घेतले आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या अक्काच्या यजमानांनी. ते जुने गॅरेजवाले. पहिल्याच दिवशी आम्ही रंगाचे कार्ड घेऊन गेलो. दाजींनी ते बाजूला सारले. "रंग मंग पाहू. आधी चेसी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ साली आली. तिची चेसी शिडीसारखी असते. दोन बाजूंना दोन लांब पोलादी चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, पाटे, चाके, सगळे तिच्या आधाराने असते. बॉडी मात्र वेगळी असते, यू-बोल्टने चेसीवर आवळलेली. म्हणून बॉडी सडली तरी गाडी मरत नाही. आपले एस.टी. महामंडळही हेच करते. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचे हिंगणा येथे त्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. जुन्या चेसीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून माइल्ड स्टीलची नवी बॉडी चढवलेल्या एस.टी.तून आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला असेल. अट एकच, चेसी निकोप पाहिजे.

बॉडी उतरवायला दोन रविवार गेले. बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते कटरने कापले. चेन कप्पी लावून सांगाडा उचलला तेव्हा बॉडी आणि चॅनल यांच्यामधली लाकडी पट्टी हाताने चुरली. तिथेच पाणी मुरते आणि गंज धरतो. मग तारेच्या ब्रशने आम्ही दोघे भाऊ आणि आमची मुले चेसी घासत बसलो. दाजी हातोडीने टिचक्या मारीत चालले. निकोप पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. शेवटी त्यांनी चॅनलवर घासलेट चोळले, कोरड्या फडक्याने पुसून काढले आणि वर खडूची भुकटी भुरभुरली. तडा असेल तर त्यात शिरलेले घासलेट बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. साधी, बिनखर्चाची परीक्षा.

मागच्या पाट्याजवळ, डाव्या चॅनलवर रेघ उमटली. चांगली चार बोटे लांब. ती एका जुन्या पट्टीच्या कोपऱ्यातून निघाली होती. पट्टी चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली, वर काळा रंग.

दाजी खाली बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही पट्टी माझीच हाय."

गोष्ट २००६ च्या डिसेंबरातली. मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी वडिलांना चॅनलला तडा दिसला. सगळ्या सीटा भरलेल्या, वर्गणी घेतलेली. रात्री दाजींनी पट्टी मारून दिली आणि चॅनलच्या खालच्या पाकळीवर आडवे वेल्डिंग केले. "तसं आडवं मारू नये. तिथलं पोलाद कडक होतं, सगळा ताण वेल्डिंगच्या कडेला येतो, आन् तिथूनच पुन्हा तडा चालतो. मला तवाबी ठाऊक होतं. पर सकाळी माणसं येणार होती." वडिलांनी वरून काळा रंग दिला. त्यानंतर २०१२ पर्यंत ती गाडी वऱ्हाडे वाहत होती, नागपूर-मुंबई करीत होती. आमची स्वतःची लेकरे त्याच चॅनलच्या वरच्या सीटवर निजलेली होती.

दादांनी हातातला ब्रश फेकला आणि चालते झाले. अकरा दिवस ते फिरकले नाहीत. आम्हीही दाजींशी कामापुरतेच बोलत होतो. दाजी मात्र रोज संध्याकाळी यायचे, एकटेच घासत बसायचे. अखेर मायने दादांना बोलावून घेतले. ती म्हणाली, "तवा दोघांनी मिळून झाकलं, तुझ्या बापानंबी. आज ह्यानं बोट ठेवून दाखवलं. न दाखवता रंग मारला असता तं तुला कळलं असतं का?" दादा उठले आणि कामाला आले. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही.

दुरुस्ती या वेळी रीतीने झाली. जुनी पट्टी घासून काढली. तड्याच्या टोकाला भोक पाडले, म्हणजे तो पुढे चालत नाही. तडा खाचून भरला आणि सपाट केला. मग चॅनलच्या आतून चांगला लांब आधार बसवला, त्याची टोके तिरकी कापली, म्हणजे ताण एका जागी येत नाही. तो उभ्या बाजूला बोल्टने आवळला, पाकळीला हात लावला नाही. एक क्रॉस मेंबर सडलेला निघाला, तो नांदेडच्या जुन्या बाजारातून आणला.

इथे आमच्या बी.कॉम.चा थोडा उपयोग झाला. चेसी वाकडी आहे की सरळ, हे पाहायला ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा करायच्या आणि कोनाकोनी दोन्ही मापे घ्यायची. दोन्ही सारखी आली तर चेसी चौरस. आमच्या तेरजेसारखेच हे. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेबात चूक नाही, असे नसते. दोन चुका एकमेकींना झाकतात. म्हणून आम्ही चेसीचे तीन भाग पाडून प्रत्येकाचे माप वेगळे घेतले. मधल्या भागात नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. तो काढल्यावरच रेड ऑक्साइडचा हात दिला.

पुढचे काम थोडक्यात सांगतो. पाट्यांचे बुश, ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर सगळे नवे. सहाही टायर नवे, पण शेवटी घेतले, कारण उभ्या गाडीखाली नवा टायरही म्हातारा होतो. चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पत्रा, आतून प्लायवूड, छताला थर्माकोल. गॅसच्या टाकीचा कप्पा बाहेरून उघडणारा, तळाला भोके असलेला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाण्याची टाकी १५० लिटरची, खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध. १५० लिटर म्हणजे १५० किलो, हे विसरून चालत नाही. सगळे झाल्यावर मोंढ्यात हळदीच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहून वजनकाटा केला. पुढच्या चाकांचे वेगळे, मागच्या चाकांचे वेगळे, आणि कागदावरच्या वजनाशी ताडून पाहिले.

कागदाचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरबदल करता येत नाही. आधी अर्ज, मंजुरी, मग करवत. घरच्या वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खाजगी गाड्यांमध्ये धरलेला आहे, त्याच आधाराने आम्ही अर्ज केला. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते, तीही घेतली.

खर्च किती, हे पुष्कळ जण विचारतात. तीन वर्षांत ४ लाख ३८ हजार. मुलीच्या नर्सिंगच्या फीला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवशी केलेला नियम. त्यापायी काम दोनदा थांबले, एकदा तर सात महिने. विकायला काढली तर गाडीचे एवढे पैसे येणार नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने हा तोटा आहे, तो आम्ही तोटा म्हणूनच लिहून ठेवला आहे.

संडास साधाच केला. औषधाच्या दुकानात आजाऱ्यांसाठी मिळते ती कमोडची खुर्ची, खाली झाकणाचे भांडे, वर टाकायला लाकडाचा भुसा, वर हवा जायला नळकांडे. प्रश्न आला भांडे रिकामे कोणी करायचे. पुतण्या म्हणाला, मुक्कामी कोणाला तरी पन्नास रुपये देऊ. माय कडाडली. "आपल्या बापजाद्यांनी काय काय उचललं ते इसरलास का? आपलं आपण उचलायचं." हाताने मैला उचलायला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आमच्या घरात त्याआधी मायचा कायदा लागतो. आता गाडीत पाळीचा तक्ता टांगला आहे. त्यात फक्त पुरुषांची नावे आहेत. रस्त्याकडेला रिकामे करायचे नाही, संडासातच करायचे, हेही त्यावर लिहिले आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात गाडी पहिल्यांदा वाशीमच्या रस्त्याला काढली. चालवायला दादा, शेजारी दाजी, कान खाली चॅनलकडे लावून. माय मागे खिडकीशी. कनेरगाव नाका आला आणि ती म्हणाली, "पाणी द्या गं." सुनेने तांब्या दिला. तिने तो एका दमात अर्धा केला. आम्ही पुढे बघत बसलो.

त्या डिसेंबरात माय बारा वर्षांनी मुंबईला आली. दुसऱ्या गाड्यांतल्या आयाबायाही संकोचत येऊन विचारू लागल्या आणि त्यामुळे भांडे अपेक्षेपेक्षा लवकर भरले. पाळी दादांची होती. दाजी काही न बोलता उठले आणि दुसऱ्या बाजूचा कान धरला. दोघे मिळून ते घेऊन गेले.

वाचकहो, प्रत्येकाच्या अंगणात ४०७ नसते. पण प्रवासाची वही बहुतेक वस्त्यांत असते. आमच्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. बायकांसाठी कुठे थांबायचे, पंपावर की हॉटेलात, तिथे पाणी आहे का, कडी लागते का. तो रकाना मुलींनी भरलेला आहे. आपल्याही वहीत तो घालावा आणि तो भरण्याआधी घरातल्या मायला विचारावे. ती गुडघ्याचे कारण सांगेल. तेव्हा पुन्हा विचारावे.

जयभीम.