वडशाची वारी

गेल्या श्रावणांत माझ्या पुतण्याचें मेलबोर्नहून पत्र आलें. तिकडील हौशी लोक जुन्या सिनेमांच्या जाहिराती किती निगुतीनें जमवितात, याचें त्यांत सविस्तर वर्णन होतें. सुमारे ३० इंच लांब व १३ इंच रुंद असा उभा, अरुंद कागद. त्यास तिकडे ‘डेबिल’ म्हणतात. थिएटराच्या दारीं चार दिवस झळकावें आणि मग केरांत जावें, एवढेंच त्याचें आयुष्य. तीच गत खेळापूर्वी व मध्यंतरांत पडद्यावर दाखवावयाच्या जाहिरातींच्या कांचांची. आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि संग्रहालयांत अशा कांचा जपून ठेविल्या आहेत. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, “काका, आपल्या चांद्याकडे असें कांहीं कोणी जमविलें आहे काय?”

पत्र ओसरीवर मोठ्यानें वाचलें गेलें. मुलें हंसलीं. मी मात्र गप्प झालों; कारण असा एक संग्राहक मला ठाऊक होता, आणि त्याचा संग्रह मींच जाळविला होता.

ही गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हां सिंदेवाही तालुक्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. तंबूंतला सिनेमा किंवा नाटक आलें, कीं गाडीवर कर्णा लावून लोक गांवोगांव हस्तपत्रकें उधळीत. सहावींतल्या एका मुलानें भूगोलाच्या पुस्तकांत अशीं चाळीस-पन्नास पत्रकें दडविलीं होतीं. मला विद्येचा अभिमान होता आणि वयाचा तापटपणा होता. शाळेमागें पाचोळा पेटला होता. त्यांत तीं पत्रकें त्याच्याच हातांनीं टाकावयास लाविलीं. मुलगा रडला नाहीं. प्रत्येक पत्रक टाकण्यापूर्वी तो तें एकदां वाचून घेत होता, एवढें मला स्पष्ट आठवतें.

त्या वेळीं मला हें ठाऊक नव्हतें, कीं असले कागद राहत नाहींत म्हणूनच ते मोलाचे ठरतात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला, हें शाळेंतला पोरही सांगेल. पण त्या काळचे जाहिरातींचे कागद किती उरले? कोल्हापूरचे बाबुराव पेंटर हे स्वतः कसलेले चित्रकार. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचें भित्तिचित्र आपल्याकडील उपलब्ध चित्रांकित भित्तिपत्रकांत अगदीं जुनें मानितात. भित्तिपत्रक खळीनें भिंतीस चिकटवितात. आठ दिवसांनीं त्याच्यावर दुसरें चिकटतें. उरलेलें पाऊस आणि वाळवी नेते. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें चित्रपटांबरोबर भित्तिपत्रकें व गाण्यांचीं पुस्तकेंही जमविलीं. तेथेंही २००३ सालीं आग लागून नायट्रेटच्या जुन्या फिती जळाल्या. ती आग आपोआप भडकणाऱ्या पदार्थाची होती. माझ्या आगीस तेवढीही सबब नव्हती.

तो विद्यार्थी वडशास जाहिरातींच्या छपाईच्या धंद्यांत आहे, असें चौकशींतून कळलें. मार्गशीर्षांत मी चांदा फोर्ट स्टेशनावर गोंदियाची गाडी धरिली.

चांद्याचा कोळसा ज्या ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या प्राचीन वनस्पतीच्या अरण्यांतून झाला, तिच्याच पानांचे ठसे ऑस्ट्रेलियाच्या कोळशांतही सांपडतात. हे दोन्ही भूभाग एके काळीं एकाच खंडांत होते. त्या खंडास १८८५ सालीं एडुआर्ड स्यूस या पंडितानें ‘गोंडवनालँड’ म्हटलें, तें आपल्या या गोंडांच्या मुलुखावरूनच. पुतण्या परदेशीं गेला असें आम्ही म्हणतों. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणेल, तो वाडा एकच असतां दुसऱ्या सोप्यांत राहावयास गेला. तिकडूनही एक पाहुणी आपल्याकडे आली होती: १९३५ सालच्या ‘हंटरवाली’ बोलपटानें गाजलेली नादिया ही पर्थ शहरीं जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स.

मूल, सिंदेवाही, नागभीड अशीं स्टेशनें मागें पडत गेलीं. कापणी झालेल्या बांध्यांत धानाचे पुंजणे उभे होते. मध्येंच मालगुजारी तलावाचें पाणी चमकावें आणि पुन्हां साग-बांबूंचें रान यावें. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल ओलांडला, कीं गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो चंद्रपुरापासून वेगळा झाला. वडसा-देसाईगंज हें त्याचें उत्तरेकडील दार.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई आणि शंकरपट भरूं लागले, कीं रात्रीं नाटक हवेंच. गांवकरी वडशास येतात, मंडळींच्या कचेऱ्यांतून नाटक ठरवितात, विसार देतात. नाटक रात्रीं उशिरां सुरू होतें आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतें. २०१४ सालीं शंकरपटावर न्यायालयाची बंदी आली. २०२१ सालीं ती सशर्त उठली. मधल्या काळांत बैल थांबले, नाटकें थांबलीं नाहींत. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. बाजारांतील भिंती नटनटींच्या रंगीत मुखवट्यांनीं भरलेल्या पाहिल्या आणि मला त्या पाचोळ्याचा धूर आठवला.

विद्यार्थी आतां पन्नाशीचा गृहस्थ झाला आहे. “गुरुजी, बसा,” म्हणून त्यानें चहा मागविला. मी आल्याचें कारण सांगितलें. त्यानें न बोलतां पत्र्याची पेटी उघडली. वर गेल्या तीस वर्षांतील नाटकांचीं भित्तिपत्रकें सालवार लावून ठेविलेलीं. तळाशीं फडक्यांत गुंडाळलेल्या सव्वातीन इंच चौरस कांचा. तंबूवाल्याचा धंदा बसला, तेव्हां त्यानें त्या मागून आणिल्या होत्या. दोन कांचा समोरासमोर ठेवून कडांना काळा कागद चिकटविलेला. मीं एक खिडकीशीं धरिली. एका कापडदुकानाची जाहिरात; दुसरीवर ‘शांतता राखा’. कांचेवर काजळी धरून सुईनें अक्षरें कोरीत, मागून रंग भरीत, असें त्यानें समजाविलें. कोरतांना चूक झाली तर सारी कांच पुसावी लागे.

मी म्हटलें, “अरे, त्या दिवशीं मीं फार वाईट केलें.”

तो क्षणभर थांबून म्हणाला, “गुरुजी, त्यांतलीं सात-आठ मला अजून पाठ आहेत. पण चित्रें आठवत नाहींत.”

माझी समजूत काढण्यासाठीं तो आणखी कांहीं बोलला नाहीं, आणि तें योग्यच झालें. थोड्या वेळानें त्यानें उद्यां छापावयाचा एक मसुदा पुढें ठेविला. “एवढें शुद्धलेखन पाहतां का?” मीं ऱ्हस्वदीर्घाच्या पांच चुका काढिल्या. त्यानें चार सुधारल्या. पांचवी नाटकाच्या नांवांतच होती; ती तशीच ठेविली, कारण गांवकरी तें नांव तसेंच म्हणतात. संस्कृत शिकलेल्या माझ्या जिभेवर प्रतिवाद आला होता. तो मीं गिळला.

निघतांना त्यानें एक भित्तिपत्रक गुंडाळून दिलें आणि बजाविलें, “ओल लागूं देऊं नका.” आतां तें माझ्या वडिलांच्या पोथ्यांबरोबर कडुनिंबाच्या पाल्यांत ठेविलें आहे. पुतण्यास उत्तर लिहिलें: जमविणारा आहे, आणि त्याच्या संग्रहांत जो खळगा आहे तो तुझ्या काकानें पाडिलेला आहे.

वाचकांच्या घरींही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. तिच्यांत आजोबांनीं आणिलेलें नाटकाचें पत्रक असेल, गाण्याचें पुस्तक असेल. दिवाळीच्या झाडलोटींत रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वी ती एकदां उघडून पाहावी. आणि घरांतलें एखादें मूल असले कागद दडवीत असेल, तर त्यास रागें भरण्याऐवजीं एक कोरडी पेटी द्यावी.