तिसरी हंडी

खोपटच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, एक पितळी दिवा टांगलेला आहे. त्याला तीन फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला दुधी काचेची हंडी. वडिलांनी लग्नाच्या वर्षी तो मुंबईच्या चोर बाजारातून आणला. त्याआधी घरात कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता, असे आई सांगे. कंदिलाच्या उजेडात जपमाळ म्हणणाऱ्या त्या घराला हा दिवा म्हणजे केवढे ऐश्वर्य वाटले असेल! तिन्हीसांजेला आई आधी हा दिवा लावी आणि मग आम्हा दोघा भावांना प्रार्थनेसाठी हाक मारी.

पुढे मात्र कितीतरी वर्षे त्यावर दोनच हंड्या होत्या. तिसऱ्या फाट्यावर उघडा बल्ब जळत असे. त्या उघड्या बल्बची हकिकत मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

1991 सालचा नाताळ होता. पाहुणे यायचे म्हणून मी तिन्ही हंड्या उतरवून धुतल्या, पुन्हा बसवल्या आणि नेहमीचे चाळीस वॉटचे बल्ब काढून शंभरचे लावले. मध्यरात्रीचा मिस्साबळी आटोपून आम्ही परतलो, तेव्हा धाकटा भाऊ आधीच घरी पोहोचला होता. दिवा लावून, स्टुलावर चढून, तो खिडकीतल्या ताऱ्याची वायर जोडत होता. आम्ही पायरी चढतो न चढतो तोच आत काच फुटल्याचा आवाज झाला.

“दादा, मी हातसुद्धा लावला नाही,” तो म्हणाला.

“तुझ्या हातात आजवर काही टिकले आहे का?” मी सर्वांसमक्ष म्हणालो. “निदान आजच्या रात्री तरी खोटे बोलू नकोस.”

तो काहीच बोलला नाही. आईने खाली बसून तुकडे वेचले. पुढे तो कल्याणला राहायला गेला. लग्नाकार्याला, मयतीला येई. पण नाताळच्या रात्री तो पुन्हा कधी या घरी आला नाही. आईने जिवंत असेपर्यंत तिसरी हंडी आणू दिली नाही. “राहू दे तसाच,” एवढेच ती म्हणे.

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचे ठरले. तो जुना दिवा आता काढूनच टाकावा, असे माझ्या मनात आले. सूनबाई म्हणाली, “बाबा, पितळ चांगले आहे. नुसत्या हंड्या बदलू या.” जुन्याशी जुळणारी एक हंडी शोधत मी चोर बाजार पालथा घातला. एकीचा रंग जुळे तर गळा बसेना, दुसरीचा गळा बसे तर घाट वेगळा. अखेर लोहार चाळीत तिन्ही नव्याच घ्याव्या लागल्या. त्या फिरोजाबादच्या. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिलेल्या आदेशानंतर त्या परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. भट्टीतले जळण बदलले, काच मात्र घडतच राहिली.

जुन्या दोन धडक्या हंड्या उतरवताना मला वडील आठवले. व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला आणि पुढे लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आला, तेव्हा ते काही महिने अस्वस्थ होते. मग एके रविवारी घरी येऊन म्हणाले, “आज प्रथमच सगळे कळले.” त्यांच्यापुढे माझा हंड्यांचा हट्ट किती क्षुल्लक होता!

वायरमन आला. त्याने कापडी वेष्टणाची जुनी वायर काढून नवी ओढली आणि नऊ वॉटचे एलईडी बल्ब लावले. पूर्वीच्या साठ वॉटच्या बल्बएवढा उजेड ते देतात आणि तापतात फार कमी. हंडी कड्यात धरून मी स्क्रू आवळू लागलो, तशी त्याने माझा हात धरला.

“काका, एवढे आवळू नका. काच तापली की फुगते. तिला जागा मिळाली नाही की तडकते. टेकले की पाव फेरा उलटा फिरवा.”

मी स्टुलावरून उतरलो. रंगासाठी कपाट रिकामे करताना आईचा बिस्किटांचा डबा सापडला होता. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते तुकडे होते. गळ्याचा तुकडा उजेडात धरला. काठावर स्क्रूचा खोल ओरखडा होता आणि तडा नेमका तिथूनच निघाला होता. स्क्रू मी आवळले होते. शंभरचा बल्बही मीच लावला होता.

आईला हे कळले होते काय? तिने ते तुकडे का जपले? आता विचारायला ती नाही.

दिवा मापाखाली न ठेवता दिवठणीवर ठेवावा, ही प्रभूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे, हे मला लहानपणापासून पाठ. त्याच अध्यायात, अवघ्या काही ओव्यांनंतर, अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करण्याची आज्ञा आहे. इतक्या वर्षांत मी किती अर्पणे वाहिली आणि किती वेळा प्रायश्चित्त संस्कार घेतला! हे एक पाप मात्र मी दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो.

पुढच्या रविवारी तो तुकडा रुमालात बांधून मी कल्याणला गेलो. भावापुढे ठेवला आणि सारे सांगितले. त्याने तो बोटांत फिरवून पाहिला. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “टाकून दे हे, दादा. हात कापेल तुझा.”

त्या नाताळच्या रात्री तो सहकुटुंब आला आणि दिव्याखाली माझ्याशेजारी बसला. नव्या हंड्यांचा उजेड जुन्यापेक्षा किंचित पांढरा आहे; आईला तो कदाचित रुचला नसता. तिन्ही हंड्यांचे स्क्रू मी पाव फेरा सैल ठेवले आहेत. माणसांच्या बाबतीत तेवढी जागा ठेवायला मी फार उशिरा शिकलो. वाचकहो, आपल्या घरातही एखादा बल्ब असा उघडा जळत असेल, तर हंडी आणायला माझ्याएवढा उशीर करू नका.