सायकलीचे दागिने

सायकल विकत घेतली की तिच्याबरोबर काही वस्तू न मागताच घरी येतात. पुढे एक पांढरा आणि मागे एक लाल, दोन्ही चाकांच्या तारांत एकेक, आणि पेडलांच्या कडांना चार नारिंगी, असे प्लास्टिकचे आठ चौकोनी तुकडे; एक घंटा; मागच्या दातेरी चक्राआड बसविलेली एक पारदर्शक तबकडी. त्यांची किंमत कोणी विचारीत नाही आणि त्यांचे कौतुकही कोणी करीत नाही. डोंगरात चालविण्याची जाड टायरांची सायकल असेल, तर मात्र त्या पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपू लागतात.

आमचा भाचा शिक्षणासाठी बेळगावात आमच्याकडे राहतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने अशी सायकल घेतली. त्याच्या मामीने तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात असतानाच चिरंजीवांनी पान्हा मागितला. "मामा, हे सगळे दागिने काढून टाकतो. डोंगरातल्या सायकलीला हे शोभत नाहीत. मित्र हसतात."

'शोभत नाहीत' हे कारण आम्हांला पटण्यासारखे नव्हते. पण त्याने पुढे जे सांगितले ते टाकाऊ नव्हते. दर रविवारी ही मंडळी जांबोटीच्या बाजूला जातात, डांबरी रस्ता सोडून दगडधोंड्यांच्या पायवाटेला लागतात. तेथे हादऱ्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या सैल होतात, खुळखुळतात, कधी तुटून चाकात जातात. तारांमधील तुकड्यात झुडपाची फांदी अडकते. भर दिवसा, जेथे मोटारच येत नाही तेथे, मोटारीच्या दिव्याला उत्तर देणारी वस्तू कशासाठी बाळगावयाची? आणि या सायकलीच्या कुळाचा इतिहास पाहिला, तर तो भाच्याच्याच बाजूचा आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपाइस नावाच्या डोंगरावर, काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली गोळा करीत, त्यांचे मडगार्ड वगैरे सारे उतरवीत आणि मातीच्या वाटेने खाली झोकून देत. १९७६ साली त्या परिसरात त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि पायथ्याशी आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. तेव्हा अंगावरचे ओझे उतरविणे हा या वाहनाचा जन्मसिद्ध स्वभाव आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले.

परंतु भाच्याची सायकल आठवड्यातून एकच दिवस डोंगरात असते. उरलेले सहा दिवस ती कॉलेजला जाते आणि रात्री आठच्या सुमारास घरी परतते. आमचे घर शहराच्या वेशीबाहेर. शेवटच्या दीड मैलात रस्त्याला दिवे नाहीत. मार्गशीर्षात त्या रस्त्यावर काय चालते, हे सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्या, कधी एकामागे एक दोन जोडलेल्या. ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. मागे दिवा असला तर असला. त्यांना ओलांडून जाण्याची घाई झालेल्या मोटारी. या गर्दीत कडेने चाललेला सायकलस्वार म्हणजे काळोखातला काळा ठिपका.

येथे थोडे गणित करावे. ताशी साठ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. पुढे काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात पंचवीस मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे पंचेचाळीस मीटर आधी दिसले तरच ती थांबणार. दिव्याचा झोत खाली वळविलेला असताना काळसर कपड्यांतील माणूस पुष्कळदा तेवढ्या अंतरावरून दिसतच नाही. स्वच्छ रिफ्लेक्टर शंभर मीटरांहून अधिक अंतरावरून चमकतो. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात माणसाचा जीव बसतो.

त्या तुकड्याची करामत मुलांना समजावून सांगण्यात आम्हांला फार आनंद वाटतो. आरशाचे तीन सारखे चौकोन घ्यावेत आणि खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती व जमीन मिळतात तसे एकमेकांशी काटकोनात जोडावेत. या कोपऱ्यात कोणत्याही बाजूने डोकावले, तरी स्वतःचाच डोळा दिसतो. साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. हा कोपरा मात्र प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवितो. सायकलीच्या लाल तुकड्यात असे शेकडो बारीक कोपरे ओळीने कोरलेले असतात. भिंग घेऊन पाहावे, मधमाशांच्या पोळ्यासारखे दिसतात. मांजराचे डोळे रात्री चमकतात तेही प्रकाश असा मागे फिरतो म्हणूनच. त्यांची रचना मात्र निराळी. इंग्लंडातील यॉर्कशायरच्या पर्सी शॉने १९३४ साली रस्त्यात बसविण्याच्या चमकत्या खुणांचे पेटंट घेतले आणि त्यांना नाव मिळाले ते 'मांजराचे डोळे' हेच. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या वीरांनी तेथे अशा शंभर काचकोपऱ्यांची एक चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण तिला लागून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजतात. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम यानावरही २०२३ साली असा एक छोटा परावर्तक गेला. त्यात कोपरे आठच आहेत. सायकलीवरचे तुकडेही आठच, हा केवळ योगायोग, पण वर्गात सांगण्याजोगा.

मात्र हा तुकडा उसन्या प्रकाशावर जगतो, हे विसरता कामा नये. समोरच्याने दिवाच लावला नसेल तर तो मुका. आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीचा झोत त्याच्यावर पडेतो ती जवळजवळ अंगावर आलेली असते. तो तिरका झाला, मान खाली घालून जमिनीकडे पाहू लागला, की निकामी. चिखलाचा थर बसला की निकामी. चोर्ला घाटातल्या पावसाळी धुक्यात तर प्रकाश जाता-येता दोन्ही वेळा विखुरतो आणि हाती फारसे काही उरत नाही. म्हणून 'रिफ्लेक्टर आहे, दिवा कशाला?' म्हणणारा आणि 'दिवा आहे, रिफ्लेक्टर कशाला?' म्हणणारा, दोघेही अर्धेच बोलतात. दिव्याचा सेल नेमका घरापासून मैलभर आधी संपतो. लाल तुकड्याला सेल लागत नाही.

आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलीला डायनामो होता. मागच्या चाकाला टेकविला की घर्रघर्र आवाज येई. वेग वाढला की दिवा ढणढणे, चढावर तो काजव्याएवढा होई आणि थांबताच विझे. त्या थांबलेल्या क्षणी पाठीमागे राखण करीत असे ती मडगार्डावरची लाल काच आणि मडगार्डाच्या टोकाला दिलेला पांढरा रंग. बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकांतील हवा सोडून देत, असे वडील सांगत. ती दहशत आता राहिली नाही. कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येतो. सायकलींच्या रिफ्लेक्टरांवर मानक चिन्ह असावे, असा आदेश केंद्र सरकारने २०२० साली काढलाच आहे. दारातून बाहेर पडलेल्या सायकलीचा पान्हा कोणाच्या हाती, तेथे कायद्याचे काय चालणार?

पेडलांवरचे चार नारिंगी तुकडे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटतात, आणि भाच्याने तेच सर्वांत आधी काढले. कारण त्याने दातेरी लोखंडी पेडल बसविले, त्यांना तुकडे लावण्यास जागाच नाही. आमच्या मताला आधार आहे. स्वीडनमधील उप्साला येथील गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या सांध्यांवर बारीक प्रकाशबिंदू लावून अंधारात चित्रण केले आणि १९७३ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना ते निरर्थक ठिपके वाटले. तो चालू लागताच त्यांनी क्षणार्धात ओळखले की हा माणूस आहे. पेडलांचे तुकडे नेमके हेच करतात. एक लाल ठिपका मैलाचा दगड असेल, उभी ट्रॉली असेल, कशाचाही असेल. परंतु वरखाली होणारे दोन नारिंगी ठिपके म्हणजे माणसाचे पाय. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेली सायकल रात्री चालवावयाची, तर पेडलांवर असे तुकडे सक्तीचे केले आहेत, ते उगीच नव्हे.

शेवटी आमच्या घरी तह झाला. तारांआडची तबकडी आणि चाकांतील तुकडे गेले; त्याबद्दल आम्ही हट्ट धरला नाही. मागचा लाल तुकडा राहिला. मागे लुकलुकणारा दिवा भाच्याने स्वतःच्या पैशाने घेतला. पेडलांऐवजी घोट्यांना चमकत्या पट्ट्या बांधावयाच्या, असे ठरले. पायही वरखाली होतातच, तेव्हा योहान्सनसाहेबांची हरकत नसावी. घंटा मात्र वादातच आहे. "मामा, हाक मारली की पुरते," असे तो म्हणतो. उसाच्या ट्रॅक्टरवरील गाण्यापुढे त्याची हाक कोणास ऐकू जाणार, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही.

या किरकोळ वादात आम्ही इतके का गुंतलो, याचे कारण आमच्या शाळेत आहे. २००६-०७ पासून पुढे कित्येक वर्षे आठवीच्या मुलामुलींना सरकारने सायकली दिल्या. त्यांनी चार-पाच किलोमीटरांवरच्या वाड्यांतील मुली शाळेत आल्या, हे उपकार मोठेच. आज मुले त्याच जुन्या किंवा थोरल्या भावाच्या सायकलींवर येतात. त्यांचे रिफ्लेक्टर केव्हाच गेलेले. थंडीत दहावीच्या जादा तासांनंतर ती घराकडे निघतात तेव्हा दिवेलागण उलटून गेलेली असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील वीटभट्टीवरून रात्री सायकलीने घरी येत होते. मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडविले. ते वाचले नाहीत. मुलगा तेव्हा नववीत होता. पंचनाम्याच्या वेळी आम्ही तेथे होतो. चालक थरथरत एकच वाक्य पुन्हापुन्हा बोलत होता, "दिसलेच नाहीत, सर, दिसलेच नाहीत." लोक त्याच्यावर धावून गेले, त्याला खोटारडा म्हणाले. आम्हांला मात्र आजही वाटते की तो माणूस खरे बोलत होता. सायकल पुढे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मागच्या मडगार्डावर लाल काचेची जागा होती, दोन स्क्रूंची छिद्रे होती, काच नव्हती.

तेव्हापासून शाळेत एक रिवाज पडला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हरांड्याची दारे लावून अंधार करावयाचा, सायकली ओळीने उभ्या करावयाच्या आणि बॅटरी कानशिलाशी धरून दूर उभे राहून एकेक पाहावयाची. बॅटरी डोळ्याजवळच हवी. हात लांब करून धरली तर चांगला रिफ्लेक्टरही फसवितो. जी चमकत नाही तिच्या मडगार्डावर नववीची मुले लाल पट्टी चिकटवितात. बाजारात हिला 'रेडियम' म्हणतात. मादाम क्यूरींच्या रेडियमचा तिच्यात कणही नसतो, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि मुले दरवर्षी रेडियमच म्हणतात. आधी फडके ओले करून धूळ पुसावी लागते, नाहीतर पट्टी आठवड्यात सुटते. गेल्या वर्षी एकूण एकेचाळीस सायकली निघाल्या. पट्टीचे एक भेंडोळे पुरले नाही, दुसरे आणावे लागले.